कापड दुकानात नव्यानं कामाला लागताना

मागच्या महिन्यात आमच्या दुकानात एक मुलगी कामाला लागली. बारावी झालेली, हुशार, बोलकी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, गिऱ्हाईकासमोर कधी उभी राहू?" मी तिच्यापुढे उलगडलेल्या साड्यांचा ढीग सारला आणि म्हटलं, "आधी याच्या घड्या घाल." तिचा चेहरा पडला. चोवीस वर्षांपूर्वी याच गादीवर माझाही पडला होता.

आमचं दुकान सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, भर पेठेत आहे. रुंदीला बारा फूट, खोलीला तीस. पुढे तयार कपडे, मध्ये शर्टिंग-सुटिंगचे तागे, आत साड्यांची गादी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. कायमची माणसं आम्ही तिघं, सणासुदीला दोन पोरं जादा. अशाच एखाद्या दुकानात तुम्ही कामाला लागला असाल, किंवा लागायचा विचार असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. ज्या क्रमानं शिकलं तर सोपं जातं, त्याच क्रमानं सांगते.

पहिले आठ दिवस: घडी

साडीची घडी हे हलकं काम वाटतं, पण या धंद्यातलं बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. कारण सांगते. ज्याला घडी पटकन घालता येत नाही तो साडी उलगडायला कचरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ती वरची दाखवा", आणि याच्या मनात येतं, उलगडली तर पुन्हा घडी मलाच घालायची आहे. मग तो साडी हातातच धरतो, नुसतं टोक दाखवतो, "आत अशीच आहे" म्हणतो. ते गिऱ्हाइकाला लगेच कळतं. आपल्याला दाखवायचा कंटाळा आलाय हे कळलं की बाई उठते. म्हणून आधी घडी शिका. घडी हातात बसली की दहा साड्या उलगडतानाही कपाळाला आठी पडत नाही.

आता प्रत्यक्ष. ब्लाऊज पीस जोडून असलेली साडी साधारण ६.३० मीटर भरते, म्हणजे साडेपाच मीटर साडी आणि ८० सेंटिमीटर ब्लाऊज. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सव्वा वाराच्या आसपास. आधी काठाला काठ लावून रुंदीत निम्मी करा. काठ एक सुतानंही पुढे-मागे नको, कारण इथली चूक शेवटच्या घडीपर्यंत वाढत जाते. मग लांबीत निम्मी करा. पदराचं टोक आणि ब्लाऊजचं टोक एकमेकांवर येईल. पदर बाहेरच्या अंगाला राहिला पाहिजे. मग पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. एकूण चार वेळा झालं की हातभरापेक्षा थोडी कमी, चाळीस सेंटिमीटरची पट्टी होते. ती मधोमध दुमडली की रॅकमध्ये बसते. प्रत्येक घडीला तळहात सपाट ठेवून मधून कडेकडे फिरवा, हवा निघून जाते. नखानं दाबू नका. जरीवर नखाची रेघ उठते आणि ती जात नाही.

दोघींनी मिळून घालत असाल तर समोरचीच्या हाताकडे बघत घाला. तिचा हात खाली गेला की आपलाही जातो. माझं आणि दुकानातल्या जुन्या वहिनींचं पहिली दोन वर्षं फारसं पटत नव्हतं. पण दुपारी अडीच-तीनला पेठ ओस पडली की आम्ही समोरासमोर उभ्या राहून सकाळचा ढीग उरकायचो. साडी दोन टोकांना धरल्यावर एकीनं ओढून चालत नाही आणि सैल सोडूनही चालत नाही. तिथे बोलावं लागायचं, मग बोलणं सुरू झालं.

रेशमी साडी महिनोन्महिने एकाच घडीवर ठेवू नका. घडीच्या रेघेवर जर तुटते. आमच्याकडे अमावस्येला शालूंच्या घड्या बदलायचा नेम आहे. नेम असला की विसरत नाही, एवढंच.

माल हातानं ओळखायला शिका

घडीतून आपोआप दुसरी गोष्ट होते. हाताला कापड कळायला लागतं. आठ दिवसांनी वहिनींनी माझे डोळे झाकून हातात एकेक साडी दिली होती आणि पोत विचारला होता. दहापैकी चार चुकले. महिन्यानं एक चुकला. नव्या मुलीला मी हेच करायला लावते.

सुती कापड मुठीत दाबलं की चुरगळतं आणि चुरगळलेलंच राहतं. पॉलिएस्टर सोडलं की पुन्हा सरळ होतं. रेशीम आधी गार लागतं, मग हातात धरलं की ऊबदार होतं. तरीही शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा, दुकानाबाहेर, मोठ्या माणसासमोर. सुताचा धागा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि काळा कडक मणी होतो.

आमच्या भागात इरकल साडी खूप चालते. म्हाताऱ्या बायका अजूनही नऊवारी लुगडं मागतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. वार म्हणजे ९१ सेंटिमीटरला थोडा जास्त, हा हिशोब तोंडपाठ करा, कारण आजीबाई मीटरमध्ये बोलणार नाहीत. इरकलीचा पदर लाल आणि त्यात पांढरी नक्षी, त्याला टोप पदर म्हणतात. हे तुम्हाला माहीत नसेल आणि समोरच्या सत्तर वर्षांच्या बाईला माहीत असेल, तर ओशाळू नका. "आजी, मला सांगा ना" म्हणा. मला इरकलीबद्दल जे माहीत आहे त्यातलं निम्मं गिऱ्हाइकांनी सांगितलंय.

पैठणीबाबत मात्र हयगय नको. हातमागावरची पैठणी पदराच्या उलट्या बाजूनंही जवळजवळ सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणतात. यंत्रावरच्या साडीला मागे मोकळे धागे सुटलेले किंवा कापलेले दिसतात. यंत्रावरचीला आम्ही सेमी पैठणी म्हणतो, ती विकतो आणि चांगली विकली जाते. त्यात काही वावगं नाही. पण "ही येवल्याची अस्सल" म्हणून सेमी गळ्यात मारायला तुम्हाला कुणी सांगितलं, तर तेवढं करू नका. बाई ती साडी वीस वर्षं जपते, सुनेला देते. दोन दिवस कुणाला कळत नाही, पण कधीतरी जाणकार माणूस ती उलटी करून बघतोच.

मोजणं आणि कापणं

इथे मी चुकले होते, म्हणून सविस्तर सांगते. कापडाची लांबी मोजण्याआधी पन्हा बघायचा असतो. ५८ इंची पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीचा शर्ट १.६० मीटरमध्ये बसतो, पँट १.२० मध्ये. हे दोन आकडे मी पहिल्या आठवड्यात पाठ केले. तिसऱ्या आठवड्यात एक मास्तर आले, छत्तीस इंची पन्ह्याचं सुती कापड पसंत केलं आणि म्हणाले, "एक शर्टपीस द्या." मी ऐटीत १.६० मोजलं आणि कात्री चालवली. छत्तीस इंचीत त्याला सव्वादोन मीटरच्या वर लागतं. दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडून तसेच परत आले. चिडले नाहीत, नुसतं कापड काउंटरवर ठेवलं.

त्या तुकड्याचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. तुकडा मला मिळाला. त्यात माझ्या धाकट्या भावाचा शर्ट झाला. त्यानं तो तीन वर्षं घातला आणि तेवढे दिवस ती चूक घरात डोळ्यांसमोर होती. पन्हा मी पुन्हा कधी विसरले नाही, हे खरं. पण नव्या मुलीचा पगार मी कापू देत नाही. पहिल्या महिन्यातली चूक शिकवणाऱ्याची असते असं मी अण्णांना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं.

मोजताना कापड ताणू नका. पट्टीवर सैल सोडा आणि अंगठ्यानं खूण करा. ताणून मोजलेलं कापड घरी जाऊन दोन-तीन सेंटिमीटर कमी भरतं, आणि शिंपी ते गिऱ्हाइकासमोर मोजतो. कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं, मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज, म्हणून ते मागितल्यापेक्षा थोडं जास्त घ्यायला सांगा आणि का ते सांगा. पट्टीवर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. तो झिजलेला दिसला तर मालकांच्या कानावर घाला. कापण्याआधी आकडा मोठ्यानं उच्चारा: "दोन पंचवीस कापते हं." गिऱ्हाइकानं हो म्हटल्याशिवाय कात्री उघडायची नाही.

गिऱ्हाईक पायरी चढलं

आता तुम्ही विचाराल ती गोष्ट. गिऱ्हाईक आलं की लगेच अंगावर जाऊ नका. पाणी द्या. बाहेर ऊन असतं आमच्याकडे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी पिताना माणसाची नजर दुकानभर फिरते, ती कुठे थांबते ते बघा.

मग विचारा. पण "किती पर्यंतचं दाखवू?" असं थेट नको. लोकांना चारचौघांत आकडा सांगायला लाज वाटते. "घरात नेसायला, कुणाला द्यायला, का कार्याला?" असं विचारा. या एका प्रश्नात भाव, रंग, पोत, सगळं निम्मं कळतं. द्यायची असेल तर कुणाला, हेही विचारा. नणंदेला द्यायची साडी आणि कामवाल्या मावशींना द्यायची साडी यांत बाई स्वतःच फरक करते, तिला तो तोंडानं सांगायला लावू नका.

हे मी कसं शिकले ते सांगते. श्रावण तोंडावर आला होता. शेतात कामाला जाणारी एक बाई आली, पदराच्या टोकाला पैसे बांधलेले. म्हणाली, "लेक पंचमीला यायलीय. पहिलीच पंचमी हाय तिची." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिला सगळ्यात छान तेच दाखवायला सुटले. सोळाशेची एक काढली, मोरपंखी, जरीचा बारीक काठ. उलगडली, पदर तिच्या हातावर टाकला. तिनं पदरावरून हात फिरवला, दोनदा. मग किंमत विचारली. मी सांगितली. ती म्हणाली, "ह्याच्याहून कमी?" मी आठशेची काढली, मग सहाशेची. तिनं त्या बघितल्या, पण हात लावला नाही. "येते माघारी" म्हणून गेली. संध्याकाळी आठवडी बाजारातून घरी जाताना मला ती एका पालापुढे बसलेली दिसली, पुढ्यात पातळ साड्यांचा ढीग.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "तिच्याकडं सहाशे होते. घरून निघताना ते तिला पुष्कळ वाटत होते. तू ते लहान करून दाखवलेस."

तेव्हापासून मी मधल्या भावाच्या खालून सुरुवात करते. दोन साड्या उलगडते, दोन वेगळ्या भावांच्या, आणि हाताकडे बघते. डोळे सगळ्याच साड्यांवर फिरतात. हात आवडलेल्या साडीवरच टेकतो. सहाशेच्या साडीवर हात टेकला तर त्या भावातल्या आणखी चार काढते, त्यातली सगळ्यात चांगली शेवटी. आणि सहाशेची साडीही सोळाशेच्या साडीसारखीच दोन्ही हातांनी, पदर समोर ठेवून उलगडते. तिथे हात आखडला तर घडी शिकून काय उपयोग.

आणखी काही लहानसहान गोष्टी. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू देऊ नका. मोरपंखी आणि निळा, काळा आणि गडद जांभळा, आत सारखेच दिसतात. साडी घेऊन दाराशी उजेडात या. नाहीतर दुसऱ्या दिवशी बदलायला येतील आणि त्यांची चूक नसेल. प्रत्येक साडीला "तुम्हाला छान दिसेल" म्हणू नका. एखादीला "ही नको, हा रंग तुम्हाला उठून दिसत नाही" म्हटलं की पुढच्या वेळी तुमच्या "छान"वर विश्वास बसतो. तयार कपड्यात एखादीला साइज बसला नाही तर "तुम्हाला नाही होणार" हे वाक्य तोंडातून काढू नका. "या कंपनीचा साइज बारीक येतो, पुढचा देते" म्हणा. ते खरंही आहे. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो. मी स्वतः ट्रायल रूमच्या दाराशी उभी राहून हे कितीतरी जणींना सांगितलंय, आणि त्यांचे खांदे सैल झालेले पाहिलेत.

सोबत आलेल्या नवऱ्याला बसायला स्टूल द्या. तो उभा राहिला की पाच मिनिटांत "आटप" म्हणतो.

आणि जे माहीत नाही त्याची हमी देऊ नका. "रंग जाणार नाही ना?" असं प्रत्येक बाई विचारते. मी एकदा "अजिबात नाही" म्हटलं होतं. लाल साडीचा रंग गेला आणि तिच्यासोबत धुतलेला शाळेचा पांढरा गणवेश गुलाबी झाला. बाई तो गणवेश घेऊनच आली होती. आता सांगते, "पहिले दोन वेळा वेगळी धुवा, गार पाण्यात." या वाक्यानं माझी एकही साडी विकायची राहिलेली नाही.

बस्ता

तुम्ही लहान गावात असाल तर खरी कसोटी बस्त्याच्या दिवशी. दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस माणसं येतात. नवरीचा शालू, साखरपुड्याची, हळदीची, वरमाईची, करवलीची, आत्या-मावशी-मामींच्या मानाच्या साड्या, मग आहेराच्या, त्यावर ब्लाऊज पीस, टॉवेल-टोप्या, उपरणी. सकाळी अकराला बसलेले लोक संध्याकाळी उठतात. या एका दिवसात पंधरा दिवसांचा धंदा होतो आणि दोन घरांचं नातंही याच गादीवर पहिल्यांदा ताणलं जातं.

आधी यादी लिहून घ्या. तोंडी नको. कुणासाठी, किती नग, कुठल्या भावातलं. मोठ्या वहीच्या पानावर लिहून गादीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवा. सुरुवात शालूनं करू नका. शालूवर दोन तास गेले की सगळे दमतात आणि मानाच्या साड्यांवरून कुरबुर होते. आधी आहेराच्या, एकदम नगावर निघणाऱ्या, मग मानाच्या, चहा झाल्यावर शालू.

गादीवर कोण बोलतंय आणि कुणाचं ऐकलं जातंय, ही दोन वेगळी माणसं असतात. बहुतेक वेळा भिंतीला टेकून बसलेली एक आजी असते. ती काही बोलत नाही, पण सगळे तिच्याकडे बघतात. तिला साडी नेऊन दाखवा, हातात द्या. आणि नवरीकडे लक्ष ठेवा. पुष्कळदा तिला सोडून सगळे शालू पसंत करतात. मी अशा वेळी तिला आरशापुढे उभी करते, खांद्यावर पदर टाकते आणि हळूच विचारते, "तुला कुठला गं?" ती सांगेल त्या रंगातल्या आणखी दोन मागवते. बाकीचं घरचे बघतात. आपण एवढंच करू शकतो आणि एवढं करावं.

वरमाईची आणि विहीणबाईंची साडी एका भावाची आहे ना, हे बांधण्याआधी तपासा. पन्नास रुपयांचा फरकसुद्धा लग्नानंतर दोन वर्षं निघतो. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळं पुडकं बांधा. नग दोघांनी मोजा, एकानं मोठ्यानं म्हणत.

भाव, बिल, उधारी

किमतीच्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी दोन-तीन अक्षरं दिसतील. ती खरेदीची किंमत असते. बहुतेक जुन्या दुकानांत दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्दसमूह ठरलेला असतो, एकेक अक्षर एकेका आकड्यासाठी. तो तुम्हाला सांगितला म्हणजे तुमच्यावर भरवसा बसला. तो घरीसुद्धा सांगायचा नाही.

घासाघीस करणाऱ्यावर चिडू नका. आमच्याकडे दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय खरेदी झाल्यासारखी वाटत नाही. पण पहिला भाव असा सांगा की कमी केल्यावर तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. बाराशेची सहाशेला दिली तर गिऱ्हाईक आनंदानं जात नाही, "चारशेला मागायला हवी होती" असं मनात घेऊन जातं. सकाळची भवानी मात्र थोडं सोडून करा. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की मालकाचं तोंड दिवसभर उतरलेलं राहतं.

कराचं थोडं माहीत असू द्या, लोक विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. आधी ही हद्द हजार रुपयांची होती आणि वर १२ टक्के. म्हणजे अडीच हजारांच्या आतबाहेर असलेल्या शेरवानीच्या किमतीत एकदम मोठा फरक पडतो, तो गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागतो. तुमचं दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक दरानं कर भरायच्या लहान दुकानांच्या योजनेत असेल तर बिलात गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. मालकांना विचारून ठेवा.

मोबाइलवरून पैसे आले की गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विसंबू नका. आपल्या मशीनचा आवाज ऐका किंवा दुकानाच्या फोनवर बघा. समोरच्यावर संशय घेतल्यासारखं न दाखवता हे करता येतं. "नेटवर्क बारीक आहे, एक मिनिट बसा" एवढं पुरतं.

उधारी द्यायचा अधिकार मालकाचा, तुमचा नाही. पण लिहायची जबाबदारी तुमची. लगेच लिहा, तारीख घालून, आणि सही घ्या. कुणी उधार मागितलं आणि द्यायचं नसेल तर सगळ्यांपुढे नाही म्हणू नका, बाजूला घेऊन सांगा. वसुलीचा विषय तर बायकामुलांसमोर कधीच नको. आमच्याकडे उसाचं बिल जमा झालं की लोक आपणहून येतात. बिल लांबलं की उधारीही लांबते. त्या महिन्यांत वही उघडण्यापेक्षा नुसतं "ऊस गेला का?" विचारावं.

वर्षाचं चक्र

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, ती आषाढ लागेपर्यंत. जूनमध्ये शाळेचे गणवेश, चार दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. मग पंचमी, गौरी-गणपती. पितृपक्षात दुकान रिकामं, तेव्हा रॅक रिकामे करून पुसायचे आणि पडून राहिलेला माल वेगळा काढायचा. मग दसरा-दिवाळी. अधिक महिना आला की गणित बदलतं. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत. पण जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं असतं, लेकीला साडी, जावयाला कपडे. अशा वर्षी शालू कमी भरायचे आणि शर्टपीस-पँटपीसचे जोड जास्त.

तुमचे पाय आणि तुमचा पगार

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दिवसाला दहा तास उभं राहून पहिल्या महिन्यात पोटऱ्या ठणकतील. वहिनींच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या आहेत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसा. बसणं म्हणजे कामचुकारपणा हे मालकांच्या डोक्यातून काढावं लागतं. कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यासाठी लढा दिला, आणि २०१८ साली केरळनं कामगाराला बसायला जागा देणं दुकानदारावर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही केलं. आम्ही अण्णांना हे सांगितलं, त्यांनी काउंटरमागे दोन स्टुलं आणून ठेवली. मागितली नव्हती तोवर त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पगार, सुट्टी, दिवाळीचा बोनस, जेवायची वेळ, लघवीला जायची सोय, हे सगळं कामाला लागण्याआधीच बोलून घ्या. विशेषतः मुलींनी. नंतर बोलायचा संकोच वाढत जातो. बस्त्याच्या दिवशी उशीर झाला तर घरी कोण सोडणार, हेही आधीच ठरवा.

रात्री

साडेआठला पेठ मंदावते. दिवसभराच्या घड्या उरकल्याशिवाय घरी जाऊ नका. उद्यावर ठेवलेला ढीग सकाळी दुप्पट वाटतो. नव्या मुलीनं परवा शेवटच्या सात साड्या एकटीनं केल्या. काठाला काठ, एकही सूत इकडेतिकडे नाही. मी काही बोलले नाही, पण वहिनींनी त्यातली एक उचलून पुन्हा रॅकमध्ये ठेवली, म्हणजे त्यांनाही दिसलं.

ट्रायल रूममध्ये डोकावून या. पर्स, लहान मुलाची टोपी, कधी चष्मा, काहीतरी राहिलेलं असतं. ते गल्ल्याच्या खणात ठेवून वहीत लिहा. तागे आडवे करा, उंदीर उभ्या ताग्याची कड कुरतडतात. गादीवर चादर ओढा. आणि शटर लावायच्या आधी दाराशी असलेल्या पुतळ्याच्या अंगावरची साडी उतरवून ठेवा. आमचं दुकान पूर्वेला तोंड करून आहे. शटरच्या फटीतून सकाळचं ऊन नेमकं पुतळ्याच्या खांद्यावर पडतं, आणि पंधरा दिवसांत पदराचा तेवढाच भाग फिका होतो.